पोटभर न जेवण्याचा नेम

जिच्या हातातील पळी कधी रिती होत नाही आणि जिच्या दारी प्रत्यक्ष काशीविश्वेश्वरालाही पात्र पुढे करून उभे राहावे लागले, त्या भगवती अन्नपूर्णेला प्रथम नमस्कार करतो. आज भाद्रपदी पौर्णिमा. उद्या पितृपक्ष बसेल. वसमतला आमच्या गल्लीत पत्रावळी, दर्भ आणि गवारीच्या शेंगा यांची चौकशी सुरू झाली आहे. आणि नेमक्या याच मुहूर्तावर आमच्या सूनबाईंनी फ्रिजच्या दारावर माझ्यासाठी एक आहारपत्रक चिकटवले आहे. सकाळी कोमट पाणी, नंतर भिजवलेले बदाम, दुपारी अर्धे ताट भाज्यांचे, आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘गोड बंद’. ते वाचताच ज्यांचे स्मरण झाले, त्यांच्याविषयी आज काही लिहावे अशी बुद्धी देवीनेच दिली असावी.

त्यांचे नाव लिहीत नाही. ते आता लातूरला मुलीकडे असतात आणि आपल्याविषयी छापून आलेले त्यांना आवडणार नाही; त्याहून मोठी भीती ही की आवडेल, आणि मग ते दुरुस्त्या पाठवतील. सारे गाव त्यांना महाराज म्हणे. मीही तेच म्हणतो.

मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या घरी मंत्र सांगू लागलो. महाराजांचे काम त्याहून कठीण होते. ते जेवत.

हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. श्राद्धात पितरांच्या जागी ज्या ब्राह्मणाला बसवतात, ती जागा आमच्या भागात महाराजांची होती. गेलेल्या माणसाच्या नावाने त्यांच्यापुढे पान वाढले जाई, ते मौनाने जेवत, आणि शेवटी यजमान हात जोडून विचारी, “तृप्ताः स्थ?” म्हणजे, तृप्त झालात ना? त्यावर ब्राह्मणाने म्हणायचे, “तृप्ताः स्मः.” झालो. हे दोन शब्द उच्चारले गेले की घरातील माणसे सैलावतात. आपला माणूस जेवून गेला, अशी त्यांची खात्री पटते. अलीकडे हे शब्द स्वस्त झाले आहेत. यजमानाचा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देऊन हात धुवायला उठणारे मी पाहिले आहेत. त्यांना पुढच्या घरी मोटारसायकलवरून वेळेत पोहोचायचे असते. महाराज मात्र प्रश्न आला की डोळे मिटत आणि आतून काही वर्तमान येते का, याची वाट पाहत. वर्तमान आले नाही तर डोळे उघडून पुन्हा पानाकडे पाहत. घरातील बाई काय ते समजे आणि आणखी वडे आणी.

“सर, मंत्रात खोटं बोललेलं पचत न्हाई,” ते मला म्हणत. “बाकी सगळं पचतं.”

बाकी सगळे पचत होते याला त्यांची आकृतीच साक्षी होती. रस्त्यावरच्या काळ्या-पिवळ्या जीपचे चालक त्यांना दुरून पाहताच मधल्या बाकावरच्या एखाद्याला मागे पाठवीत, आणि तो मनुष्यही तक्रार न करता जाई. कारण महाराज बसल्यावर त्याला तिथे राहता येणार नव्हते. आपल्या देहाविषयी महाराजांना संकोच नव्हता. “हे माझं एकट्याचं न्हाई,” असे ते गंभीरपणे सांगत. “यात तालुक्यातले किती पितर आहेत!”

हे वैभव गुडघ्यांनी संपवले. आखाडा बाळापूरला एका वास्तुशांतीच्या पंगतीत सगळे उठले आणि महाराज पाटावरून उठेनात. दोघांनी दोन्ही काखांत हात घातले. तिसऱ्याने विचारले, “क्रेन सांगू का, महाराज?” हसणाऱ्यांत यजमानही होता. महाराज हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “वजन उतरवा, न्हाईतर आजपासून खुर्ची घ्या. जमिनीवर बसायचं बंद.”

कोणाही इतर माणसाला खुर्ची ही सुटका वाटली असती. महाराजांचा चेहरा मात्र पांढरा पडला. श्राद्धाचे पान जमिनीवर मांडतात. खुर्चीत बसून पितर जेवल्याचे त्यांनी कोठे वाचले नव्हते, आणि जे वाचले नाही ते करण्याचे त्यांचे वय नव्हते. आपली जागा जाईल, ही भीती मी प्रथमच त्यांच्या डोळ्यांत पाहिली. ते गरीब नव्हते, शेत होते. पण त्या पाटाशिवाय आपण कोण, हे त्यांना सांगता आले नसते.

म्हणून आम्ही गावातील आहारतज्ज्ञ मुलीकडे गेलो. ती नांदेडहून शिकून आलेली, विनयशील. तिने लिहायला घेतले. “महाराज, दिवसभरात काय काय खाता, सांगा.”

“कोणत्या तिथीला?”

“आजचं सांगा.”

“आज संकष्टी.”

“म्हणजे उपवास. मग चंद्रोदयापर्यंत काहीच नाही?”

महाराजांनी तिच्याकडे करुणेने पाहिले. “बाळ, उपवासाला काही खायचं नसतं, असं तुला कुणी सांगितलं?” आणि त्यांनी सांगायला आरंभ केला: पहाटे दुधातली खारीक, मग साबुदाण्याची खिचडी, मग भगर आणि शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, तिसऱ्या प्रहरी राजगिऱ्याचे लाडू, आणि चंद्रोदयानंतर मोदक, कारण उपवास सोडायचा असतो. मुलीने लेखणी खाली ठेवली.

“महाराज, रागावू नका. तुमचं वजन जेवणानं नाही वाढलं. उपवासानं वाढलंय.”

घराच्या दाराशी येऊन त्यांनी आपल्या उदराकडे पाहिले आणि म्हणाले, “सर, आजवर इतक्या एकादशा केल्या. पुण्य साठतं म्हणतात, पण कुठं साठतं ते कळत नव्हतं.”

तिने सांगितलेले अवघड नव्हते. साखर, मैदा आणि तळण शक्यतो दूर ठेवा. ज्वारीची भाकरी, वरण, मोड आलेली कडधान्ये, पालेभाजी, ताक हे नेहमीचे असू द्या. भूक लागली तरच बसा, सावकाश चावा, पोट भरण्याच्या थोडे आधी थांबा. रात्रीचे जेवण दिवेलागणीला उरका आणि रोज चाला. आयुर्वेदाने यातले पुष्कळ सांगून ठेवले आहे, आणि महाराजांनी ते पूर्वी मला श्लोकांसह ऐकवलेही होते, बहुधा जेवताना. पण तेच त्या मुलीच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना त्यात ऋषिवाणीचा प्रत्यय आला. फक्त तिचे शेवटचे वाक्य त्यांना खटकले. ती म्हणाली होती, “जमेल तेवढं करा, महाराज.”

“जमेल तेवढं!” ते रस्ताभर म्हणत राहिले. “असं कुठं शास्त्र असतं काय? ज्याला विधी न्हाई, निषेध न्हाई, प्रायश्चित्त न्हाई, ते माणूस पाळील काहून?”

तेव्हा त्यांनी विधी निर्माण केला. आषाढी एकादशीला चातुर्मासाचे नेम घेतात. कोणी वांगे सोडतो, कोणी कांदा. महाराजांनी देवापुढे बसून हातात पाणी घेतले. मला साक्षीला बोलावले होते. संकल्प त्यांनी स्वतः रचला होता आणि तो रचनेच्या दृष्टीने सुंदर होता. मेद कमी होऊन गुडघ्यांना बळ यावे यासाठी, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, शर्करा, तळलेले आणि मैद्याचे पदार्थ यांचा एका घासाहून अधिक स्वीकार करणार नाही, आणि शेवटी, किंचित आवाज चढवून, “आतृप्ति न भोक्ष्ये.” तृप्ती होईपर्यंत जेवणार नाही. पाणी ताम्हनात सुटले.

आतून वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, “लोक वांगं सोडतात. हे तृप्तीच सोडून बसले.”

आम्ही दोघेही हसलो. काय सोडले गेले होते, ते त्या क्षणी आम्हा तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

पुढचे दोन महिने गावाला फार कठीण गेले. नेम महाराजांचा होता, पण त्याची झळ इतरांना बसे. त्यांनी घरचा वजनकाटा नाकारला; घरातल्या वस्तूला घरच्या माणसाविषयी ममता असते, असे त्यांचे मत. ते दर आठवड्याला मोंढ्यात रहीमभाईंच्या अडतीवर जात आणि हळदीची पोती तोलण्याच्या मोठ्या काट्यावर उभे राहत. येताना धोतराला आणि तळव्यांना हळद लागलेली असे. त्यामुळे आज वजन झाले, हे गल्लीला न सांगता कळे. रहीमभाई म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हळदीत राहिलेला माणूस. ते काटा पाहून गंभीरपणे निर्णय देत, “महाराज, माल सूख रहा है. बराबर सूख रहा है. पर इतना भी मत सुखाओ के टूट जाए.”

एकदा उपवासाचा विषय निघाला, तेव्हा महाराजांनी आपली कर्मकथा सांगितली. रहीमभाई मोठ्याने हसले. “हमारा बी वहीच हाल है, महाराज! रमजान में दिनभर भूके, और ईद को देखो तो कुर्ता तंग.” त्या दिवशी महाराज फार प्रसन्न होऊन परतले. दोन धर्मांमधील ऐक्याचा इतका ठोस पुरावा त्यांना आधी मिळाला नव्हता.

प्रसादाच्या प्रश्नाने त्यांना आठ दिवस छळले. प्रसाद आहारात धरायचा की भक्तीत? माझे मत विचारले. मी म्हणालो, भक्तीत. ते समाधानाने उठले आणि खात्रीसाठी त्या मुलीकडे गेले. ती म्हणाली, “पोटात जातो ना, महाराज? मग धरायचा.” त्यानंतर ते देवळात प्रसाद घेत, कपाळाला लावीत, एक कण जिभेवर ठेवीत आणि उरलेला शेजारच्या भक्ताच्या हातावर अशा भावाने ठेवीत की जणू आपले पाप देत आहेत. हळूहळू त्यांच्या शेजारी कोणी उभे राहीना. घरी त्यांनी देवाच्या नैवेद्यातील तूपही कमी केले, तेव्हा वहिनींचा संयम सुटला. “अहो, देवाचे गुडघे दुखून राहिले का? त्याला तरी जेवू द्या!”

बारशाच्या पंगतीत ते दुसऱ्यांच्या पानांकडे पाहू लागले. साखरा गावच्या एका यजमानाला त्यांनी, काकडी आणि मटकी आधी वाढा, जिलबी सर्वांत शेवटी आणि मागेल त्यालाच, असा सल्ला दिला. यजमान थकलेला होता. तो म्हणाला, “महाराज, तुमी जेवून राहिले का तपासणी करून राहिले? पोराचं बारसं हाय, दवाखाना न्हाई.”

थट्टा सगळ्यांनी केली, पण सांगितले पाहिजे की वजन उतरत होते. भाद्रपद लागेपर्यंत ते एक हात जमिनीला टेकून पाटावरून आपले आपण उठू लागले होते. पहिल्यांदा उठले, तेव्हा उठून पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. वहिनींनी पदराने डोळे पुसले.

आणि मग पितृपक्ष आला.

पहिले निमंत्रण माझ्याच ओसरीवर आले, महाराज समोर बसले असताना. ते आनंदाने ‘येतो’ म्हणणार होते. शब्द अर्ध्यावर राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. तृप्ती होईपर्यंत जेवायचे नाही, असे ज्याने देवापुढे पाणी सोडले, त्याने यजमानापुढे ‘तृप्त झालो’ म्हणायचे कसे? पोटभर जेवावे तर नेम मोडतो. न जेवता तसे म्हणावे तर मंत्रात असत्य. चातुर्मासाच्या ऐन मध्यात पितृपक्ष येतो, हे ज्याला झोपेतही माहीत, त्याने संकल्पात एवढी एक सवलत ठेवली नव्हती.

“यंदा दुसरा पाहा,” असे त्यांनी त्या माणसाला सांगितले. पुढच्यांनाही तेच. लोकांनी मोटारसायकलवाल्यांना बोलावले. ज्या पाटासाठी महाराजांनी साखर सोडली होती, तो पाट ते स्वतःच एकेका घरातून हरवीत होते.

अशा वेळी हट्टा गावाहून एक गृहस्थ आले. परभणीला कारकून असलेला, चाळिशीचा, शांत माणूस. वडील जाऊन वर्ष झाले होते; पहिलाच पक्ष घालायचा होता. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, आईनं सांगितलंय, महाराजच पाहिजेत. वर्षश्राद्धाला दुसरे आणले होते. ते मोबाईल बघत जेवले आणि मी विचारायच्या आत तृप्त झाले. आई तेव्हापासून झोपत न्हाई.”

मग त्यांनी उरलेले सांगितले. वडिलांना साखरेचा विकार. शेवटची काही वर्षे आईने त्यांचे पथ्य कडक सांभाळले. डॉक्टर म्हणत, या बाईमुळे हा माणूस इतका टिकला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी खीर मागितली. आई म्हणाली, उद्या रिपोर्ट येऊ द्या, मग देते. “तो उद्या आला न्हाई, सर. आई म्हणते, माझ्या हातानं उपाशी गेले. तिनं स्वतः वर्षभर साखर तोंडात घातली न्हाई. महाराज खोटं बोलत न्हाईत, म्हणून ते म्हणाले तरच ती मानील.”

हे सर्व मी महाराजांच्या कानी घातले. त्यांनी ‘नाही’ असेही म्हटले नाही आणि ‘हो’ असेही नाही. मी शास्त्रातल्या पळवाटा काढून पाहिल्या. उपवास असता श्राद्धाचे अन्न नुसते हुंगले तरी चालते, हे सांगितले. “हुंगून त्या बाईचं समाधान होईल का?” त्यांनी विचारले. एक दिवस नेम मोडून प्रायश्चित्त घ्यावे, असे सुचवले. “एका दिवसापुरता मोडला तर तो नेम कसला? ती सवड झाली.” वहिनी म्हणाल्या, “मग हट्ट्याला न्हाई म्हणून कळवा.” महाराज “कळवू नका,” एवढेच म्हणाले.

ठरल्या दिवशी सकाळी ते सोवळ्याची पिशवी घेऊन जीपच्या थांब्यावर माझ्या आधी उभे होते. काय करणार, हे मी विचारले नाही. मला वाटते, त्यांनाही ठाऊक नव्हते.

काकूंनी, म्हणजे त्या गृहस्थांच्या मातोश्रींनी, जे जे गेलेल्या पतीला आवडे ते सारे केले होते. तांदळाची खीर, वडे, बुंदीचे लाडू, तांबड्या भोपळ्याची भाजी, गवार, आमसुलाची चटणी. देवांच्या जागी ब्राह्मणाऐवजी दर्भ मांडला होता. पितरांच्या पाटावर महाराज बसले. मी मंत्र सांगितले, मुलाने पाणी सोडले, महाराज जेवू लागले. खिरीचा एक घास, वड्याचा एक तुकडा, लाडवाची एक कणी. मग भाजी, वरण आणि मूठभर भात. श्राद्धाच्या पानावर बसणाऱ्याने बोलायचे नसते, पदार्थांची स्तुतीही करायची नसते. त्यामुळे सगळे शांत होते. काकू आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, आणि त्या महाराजांच्या तोंडाकडे नव्हे, हाताकडे पाहत होत्या. हात थांबला. खिरीची वाटी जवळजवळ भरलेली होती.

मी मुलाला खूण केली. त्याने हात जोडले. “तृप्ताः स्थ?”

महाराजांनी डोळे मिटले. ते किती वेळ तसे राहिले, सांगता येत नाही. मग डोळे उघडून त्यांनी मौन मोडले.

“न्हाई,” ते म्हणाले.

या प्रश्नाला असे उत्तर मी जन्मात ऐकले नव्हते. मुलाचा चेहरा उतरला. काकू उंबरा ओलांडून बाहेर आल्या. “काय राहिलं?” त्यांनी विचारले. “खीर वाढू का? खीर हाय. लई हाय. कमी पडू दिली न्हाई मी.”

“माय,” महाराज म्हणाले, “यांना आजारपणात तुमी रोज काय घालीत होता?”

काकूंना राग आला. “ते काहून विचारता? काय घालणार? ज्वारीची भाकरी, नावाला तेल लावलेली मेथी, ताक. दुसरं काय घालू देत होते डॉक्टर?”

“खायचे?”

“शिव्या घालीत खायचे.”

“पण खायचे.”

“व्हय. भाकरी मी ताकात कुस्करून दिली तरच. सुनेनं दिली तर ताट सरकवायचे. म्हणायचे, तुझ्या हातात मीठ बराबर हाय. तेवढंच एक चांगलं म्हणायचे.”

“मग त्यांना ती सवय हाय, माय,” महाराज म्हणाले. “इतकी वर्षं रोज जे खाल्लं, ते पानात दिसत न्हाई. परक्याच्या घरी आल्यासारखं वाटून राहिलं. भाकरी करा.”

काकूंनी माझ्याकडे पाहिले. “सर, पक्षाच्या पानात भाकरी चालते?”

सगळी घरची माणसे माझ्याकडे पाहू लागली. ज्या गोष्टी मी पुस्तकांत वाचल्या होत्या, त्यांत भाकरी नव्हती. पण ज्यांचे श्राद्ध आहे त्यांना रुचे ते वाढावे, हे सर्वत्र होते. आणि काकूंच्या हातची भाकरी रुचली नसती, तर त्या माणसाने सुनेच्या हातचे ताट सरकवले नसते. मी म्हणालो, “चालते. सावकाश करा. आम्ही बसलो आहोत.”

आतून पीठ मळल्याचा, मग परातीत भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. प्रारंभी तो अडखळत होता. नंतर त्याला ताल आला. काकूंनी गरम भाकरी आणली, पानाशेजारी बसून आपल्या हाताने ताकात कुस्करली, चिमटीने मीठ घातले आणि मेथी बाजूला ठेवली. महाराजांनी मान खाली घालून ते सगळे खाल्ले, बोटे निपटून खाल्ले. मी पुन्हा खूण केली, आणि मुलाने रडत विचारले.

“तृप्ताः स्मः,” महाराज म्हणाले. इतक्या मोठ्याने की दारातली मांजर उठून गेली.

काकूंनी शास्त्राला सोडून विचारले, “खरंच?”

“खरंच, माय.”

आम्ही निघालो, तेव्हा आत उरलेले अन्न घरची माणसे घेत होती. मुलगा म्हणत होता, “आई, तू बी घे.” दारातून मला एवढे दिसले की काकूंच्या पुढे खिरीची वाटी होती आणि त्यांनी बोट बुडवून ते तोंडात घातले होते, लहान मुलीसारखे.

हट्ट्याच्या थांब्यावर जीप यायला वेळ होता. समोर भज्यांच्या गाड्यावर कढई तापली होती. महाराज लिंबाच्या पारावर बसले आणि म्हणाले, “सर, खीर फार उत्तम होती.”

“तुम्ही एकच घास घेतलात.”

“म्हणून तर कळली.”

मी चाचरत विचारले, “आता भूक आहे का?”

“सपाटून लागली हाय.”

“मग तिथे तुम्ही म्हणालात ते?”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू आजवर मी मंत्र सांगितले ते न समजताच सांगितले असावेत. “सर, प्रश्न मला कुठं होता? त्या पाटावर मी बसलो न्हवतो. ज्यांचं पान होतं त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं.” एवढे बोलून ते भज्यांच्या गाड्याकडे पाठ करून बसले.

त्या दिवशी महाराजांना त्या माउलीची दया आली, की नेम राखून उत्तर देण्याची एक युक्ती सापडली, याचा निकाल मी अजून लावू शकलो नाही. दोन्ही एकाच वेळी एकाच माणसाच्या मनात सुचणे अशक्य नसावे. त्यांना विचारले असते तर त्यांनी खरे सांगितले असते; म्हणूनच मी विचारले नाही.

वाचकहो, आपल्या घरी चूल वेळेवर पेटो आणि पानात पडेल ते अंगी लागो. पोटापेक्षा थोडे कमी जेवूनही मन भरण्याची विद्या आपणांस साध्य होवो. आपल्यावरील प्रेमापोटी ज्यांनी आपल्या आवडीचे ताट मागे ओढले, त्यांच्या हाताला भगवती अन्नपूर्णा यश देवो; त्या हातांनी अपराध केला असे त्यांना कधी वाटू नये, आणि आपण उठून जाण्यापूर्वी, आपल्याच तोंडाने, त्यांना एकदा तरी ‘जेवलो’ असे सांगून जावे. आपले व आपल्या कुटुंबाचे सर्वदा कल्याण असो.